वाटूरचे तात्या आणि 'काळदरीचा रक्तपिपासू'

आमच्या घरात माणसं चार होती आणि रक्तपिपासूविषयी मतं पाच. जास्तीचं मत अण्णांचं. त्यांची दोन होती. एक बैठकीत बोलून दाखवायचं आणि एक मनात ठेवायचं.

हा रक्तपिपासू म्हणजे आमचा कुणी नातेवाईक नव्हे. (तसा गैरसमज पुढे झाला, पण त्याला अवकाश आहे.) 'काळदरीचा रक्तपिपासू' नावाची कादंबरी होती. निजामाचं राज्य होतं, चातुर्मास चालू होता, मला सोळा संपून सतरावं लागलं होतं, आणि जालन्याच्या वाचनालयातून ते पुस्तक आमच्या घरात शिरलं. शिरलं तेही त्या रक्तपिपासूच्याच रीतीने. आधी आम्हीच 'या' म्हटलं, आणि मग ते काही केल्या बाहेर जाईना!

गोष्ट अशी होती. काळदरी नावाच्या संस्थानात रोज सकाळी कुणी ना कुणी अंथरुणात पांढरंफटक होऊन पडलेलं सापडतं. अंगात रक्ताचा थेंब नाही आणि मानेवर दातांच्या दोन खुणा! राजेसाहेब मुंबईहून गुप्तहेर निळकंठरावांना बोलावतात. निळकंठराव देखणे, उंचेपुरे, बोलायला गोड. पण तपासाला निघायचे ते सूर्य मावळल्यावरच, आणि राजवाड्यातलं जेवण काहीतरी सबब सांगून टाळायचे. दुसरीकडे संस्थानचे दिवाण. हाडकुळे, घाऱ्या डोळ्यांचे, ओठ लालभडक. मग रक्त पितं कोण? दिवाण की खुद्द गुप्तहेर? ते शेवटच्या प्रकरणात कळायचं होतं. आणि आमच्या प्रतीतलं शेवटचं प्रकरण कुणीतरी फाडलेलं होतं! (फाडणाऱ्याला मी तेव्हा काय काय म्हटलं ते इथे लिहिता येत नाही.)

माझं म्हणणं, दिवाण. त्यात शंकाच नाही. निळकंठरावांसारखा माणूस रक्त पिईल? ते चहासुद्धा बशीत ओतून पीत नसत! त्यांच्याविरुद्ध मला एक अक्षर खपत नसे.

आत्याला नेमकं तेच खटकायचं. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण आणि घराची खरी मालकीण. ती म्हणायची, "जो माणूस दिवसा कोणाच्या घरी जेवत न्हाई, तो रात्री काय जेवून राह्यला त्याचा विचार करा! निळकंठरावच तो. बिलकुल तोच."

आईला कोण पितं याच्याशी कर्तव्यच नव्हतं. तिला त्याची दया यायची. "मेल्यावर त्याच्या नावानं पान वाढणारं कोणी राह्यलं नसंल गं," ती वाती वळता वळता म्हणायची. "उपाशी जीव हाय तो. पोटभर जेवू घातलं असतं कोणी, तर कशाला लोकांच्या माना धरत फिरला असता?"

आणि अण्णा? अण्णा कापसाच्या जिनिंगमधून घरी येऊन बैठकीत ओरडायचे, "फेका ते भिकार पुस्तक! असल्यानंच पोरी बिघडतात!" हे त्यांचं बाहेरचं मत. आतलं नंतर कळलं.

पुस्तक वाचायचं काम माझ्याकडे होतं, कारण आईला आणि आत्याला वाचता येत नव्हतं. त्या दिवसांत चार माणसं जमवून काही वाचायचं म्हटलं तर सरकारची इजाजत लागायची, पण पोथीला कोण इजाजत मागतो? चातुर्मासात आमच्या माजघरात रोज संध्याकाळी पोथी असायची. गल्लीतल्या बायका यायच्या. पोथी संपली, आरती झाली, पोथी कापडात गुंडाळून फडताळात गेली, की आत्या दुसरा पाट मांडायची (पोथीच्या पाटावर रक्तपिपासू ठेवायचा नाही, एवढा सोवळेपणा तिने शेवटपर्यंत पाळला) आणि म्हणायची, "हं, काढ त्याला!"

मी काढायची. दिवाण बोलायला लागले की आवाज घोगरा करायची आणि निळकंठराव आले की मधाळ. गल्लीतल्या निम्म्या बायका त्या मधाळ आवाजावरच माझ्या बाजूला आल्या, असं आत्याचं म्हणणं होतं. बाकीच्या निम्म्या आत्याच्या. हळूहळू प्रकरण इतकं चिघळलं की समोरासमोरच्या दोन घरांनी एकमेकांना विरजण देणं बंद केलं. "दिवाणवाल्यांच्या विरजणानं आमचं दही नासतं!"

गंमत होती ती उजेड असेपर्यंत. तिन्हीसांज झाली की गल्लीची कळाच बदलायची. आमच्या परसात चिंचेचं मोठं झाड होतं आणि त्याला वटवाघळं लटकायची. जन्मभर पाहिलेली वटवाघळं, पण त्या वर्षी मी त्यांच्याकडे पाहिलं की तीही माझ्याकडे पाहायची. जुन्या छावणीतल्या गोऱ्यांच्या थडग्यांकडून वारा आला की खिडकीचं दार आपोआप करकरायचं आणि कंदिलाची ज्योत आडवी व्हायची. मुंजा, हडळ, वेताळ ही आपली घरची मंडळी. त्यांचं काय करायचं ते आत्याला तोंडपाठ होतं. मुंजाला दूध ठेवा, हडळीला ओटी भरा. पण या परक्या भुताचं काय करायचं? त्याची रीत फक्त पुस्तकात होती.

आणि पुस्तकात तीन गोष्टी स्वच्छ छापलेल्या होत्या. रक्तपिपासू उजेडात अन्नाला शिवत नाही. घरातल्या माणसाने 'या' म्हटल्याशिवाय तो उंबरा ओलांडू शकत नाही. आणि त्याला लसणाचा वास सोसत नाही.

आता आली का पंचाईत! चातुर्मासात कांदा-लसूण घरात वर्ज्य, आणि जीव वाचवायचा तर लसूण हवा! आत्या मोठ्या पेचात पडली. धर्म पाळावा की मान वाचवावी? शेवटी तोडगा निघाला. अण्णा चातुर्मास पाळत नसत. त्यांच्यासाठी लाल तिखटात कुटलेली लसणाची चटणी ओसरीच्या भिंतीतल्या देवळीत एका वाडग्यात असायची, स्वयंपाकघराच्या हद्दीबाहेर. एरवी त्या वाडग्याकडे बघून नाक मुरडणारी आत्या आता रोज संध्याकाळी जाऊन तो भरलेला आहे ना ते बघून यायची. "राहू दे. दारात असलेली बरी."

अशा या वातावरणात मला स्थळ आलं.

इथे जरा गंभीर होते. दोन ठिकाणांहून मला नकार आला होता आणि दोन्हीकडचं कारण एकच: मुलगी फार वाचते. त्यामुळे अण्णांची झोप उडाली होती. हे स्थळ वाटूरचं. मुलगा परतूरच्या शाळेत मास्तर. त्याला वडील नव्हते, चुलत्यांनी वाढवलेला. ते चुलते म्हणजे तात्या, वाटूरचे जमीनदार. ते म्हणतील ती पूर्व दिशा. लग्नं कार्तिकानंतरच, पण मुलगी आधी बघून ठेवायला काय हरकत, म्हणून तात्या एकटेच येणार होते. मला मात्र एकच बातमी लागली होती: मुलाच्या खोलीत कपाटभर पुस्तकं आहेत. कपाटभर! ते ऐकल्यापासून मी मुलाचा फोटोसुद्धा मागितला नाही. मला हे लग्न हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं.

आदल्या दिवशी तात्यांचा गडी निरोप घेऊन आला. ओसरीवर उभा राहून त्याने सांगितलं, "तात्या उद्याच्याला येऊन राह्यलेत. पर जेवणाचं काही करू नका म्हणले. तात्या दिवसा जेवत न्हाईत."

आत्याच्या हातातली परडी खाली आली. "दिवसा... जेवत न्हाईत?"

"न्हाई. चांदणी दिसली की मंगच तोंडात काही घेतात. आन् हां, लसूण तेवढा बिलकुल नको. वाससुद्धा सोसत न्हाई त्यायला."

गडी पाणी पिऊन निघून गेला. परसात चिंचेवर काहीतरी फडफडलं.

आता वाचणाऱ्याला वाटेल, काय बावळट बायका! चातुर्मासात कित्येक लोक नक्त पाळतात. दिवसभर उपास आणि चांदणी दिसल्यावर एकदाच जेवण. लसूण तर निम्मा गाव सोडतो! बरोबर आहे. आत्या स्वतः चातुर्मासात तीन नेम करायची, दुसऱ्या कुठल्याही वर्षी ती झोपेतसुद्धा म्हणाली असती, 'नक्त असंल.' पण त्या वर्षी आमच्या डोक्यात धर्माची जागा काळदरीने घेतली होती. नक्त आम्हाला आठवलंच नाही! एवढं मात्र खरं की तिघींपैकी कुणीही अण्णांना काही बोललं नाही. तिसरं स्थळ होतं. रक्त पिणारं असलं तरी स्थळ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आभाळ गच्च भरलेलं. पाऊस नाही, वारा नाही, ऊन तर नाहीच. दिवसभर संध्याकाळ असल्यासारखं वाटत होतं. चौथ्या प्रहरी दारात बैलांची दमणी थांबली आणि तिच्यातून एक उंच, काटकुळा माणूस उतरला. चेहरा उपासाने पांढरा पडलेला, डोळे खोल गेलेले. आणि आभाळ असं भरलेलं असताना त्याने डोक्यावर काळी छत्री धरली होती!

तात्या उंबऱ्यापाशी आले आणि थांबले. आत येईनात. हलेनात, बोलेनात. नुसते उभे.

पुस्तकातलं पान डोळ्यांसमोर आलं. 'या' म्हटल्याशिवाय...

(पाहुणे पायावर पाण्याची वाट बघत होते. पाहुणा आला की तांब्या घेऊन पुढे व्हायचं, हे लहान मुलीला कळतं. पण त्या दिवशी तांब्या माझ्याच हातात होता आणि मी खांबाला चिकटले होते.)

आत्याने आईचा पदर ओढला. "वयनी, तू काही बोलू नको!" ती पुटपुटली. पण आईने तात्यांच्या खपाटीला गेलेल्या पोटाकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून गेलंच, "या नं, आत या!"

झालं. तात्या उंबरा ओलांडून आत आले.

बैठकीत अण्णा बसले होते, मान एका बाजूला वाकडी करून. काही दिवसांपासून त्यांची मान धरली होती. का धरली ते सांगत नसत. तात्या गादीवर बसले ते खिडकीकडे पाठ करून, कोपऱ्यात. "उजेड सोसत न्हाई डोळ्याला," ते म्हणाले. "अंधारात बरं वाटतं."

मला समोर बसवलं. मान खाली घालून मी बसले. तात्यांनी बराच वेळ काही विचारलं नाही. नुसते बघत राहिले. मग खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "पोरीच्या अंगात रक्त चांगलं दिसून राह्यलं."

माजघराच्या दारामागे आत्याच्या बांगड्या... नाही, आत्या बांगड्या घालत नसे. आत्याचे दातच वाजले असावेत.

"आजकालच्या पोरी पांढऱ्याफटक," तात्या पुढे म्हणाले. "आम्हाला अशीच पाहिजे होती."

अण्णा बिचारे खुशीत आले! वाकड्या मानेने हसले. आणि त्या हसण्यात मान कळवळली. "आई गंऽ!"

तात्या पुढे सरकले. "मान धरली काय? मी उतरवून देतो. आमच्या वडलांपासून हातगुण हाय. पण तिन्हीसांजेलाच उतरते, अन् दिवा नको. मंत्र कोणी ऐकायचा न्हाई. सगळ्यांनी आत जावा."

सगळ्यांनी आत! दिवा नको! तिन्हीसांजेला! आम्ही तिघी माजघरात येऊन भिंतीला टेकलो. बाहेर अंधारून येत होतं. गल्लीतला आवाज बंद झाला होता, एक कुत्रं लांबवर गळा काढत होतं. बैठकीतून आधी कुजबुज आली. मग अण्णांचा कण्हण्याचा आवाज. मग तोही थांबला.

"बंद झाला," आत्या मला म्हणाली. "सुशे, बंद झाला आवाज!"

मी दाराला डोळा लावला. बैठकीत काळोख भरला होता. अण्णा डोळे मिटून, मान टाकून बसलेले. त्यांच्यामागे तात्या उभे, वाकलेले. त्यांचा पांढरा हात अण्णांच्या खांद्यावर, आणि त्यांचं तोंड अण्णांच्या मानेपासून वीतभरावर. तोंड हळूहळू उघडलं. दात दिसले. ते आणखी वाकले.

त्या क्षणी माझ्या मनात स्थळ नव्हतं, मास्तर नव्हता, पुस्तकांचं कपाट नव्हतं. माझे अण्णा होते. मला भिकार पुस्तकं वाचते म्हणून ओरडणारे, पण वाचनालयाची वर्गणी न चुकता भरणारे माझे अण्णा! मी ओसरीवर धावले, देवळीतला वाडगा उचलला, बैठकीत शिरले आणि "सोडा माझ्या अण्णांना!" म्हणून किंचाळत मुठीत मावेल तेवढी चटणी तात्यांच्या तोंडावर फेकली.

नेम असा लागला की विचारू नका. तात्या मंत्र संपवून मानेवर फुंकर घालण्यासाठी श्वास भरत होते. तोंड वासलेलं! निम्मी चटणी डोळ्यांत, निम्मी घशात!

पुढचा प्रकार मी सांगण्यापेक्षा गल्लीने ऐकला. तात्या "मेलो! मेलो!" करत गोल फिरले. छत्री मोडली. अण्णा दचकून उभे राहिले, आणि त्यांची मान कट्कन आवाज होऊन सरळ झाली. (उतारा लागू पडला, कबूल केलं पाहिजे.) आई दुधाचं भांडं घेऊन धावली. आत्या दाराआडून ओरडत होती, "जळून राह्यला का? धूर निघून राह्यला का त्याच्यातून?" कारण पुस्तकात तसं होतं.

धूर निघाला नाही. निघालं ते घळाघळा पाणी, डोळ्यांतून आणि नाकातून. खरा रक्तपिपासू रडत नाही. तात्या अगदी आपल्यासारखे रडत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मी होते तिथेच मटकन खाली बसले.

शेवटी तात्या भिंतीला टेकून बसले. दोन्ही डोळ्यांवर दुधात भिजवलेल्या घड्या. खळखळून चुळा भरून झाल्या होत्या, तरी लसणाचा वास बैठकभर पसरलेला. ते हळू आवाजात म्हणाले, "कार्तिकीपर्यंत नक्त होतं माझं. आज मोडलं. चांदणी दिसायच्या आधी, आन् तेही लसणानं."

नक्त! तो शब्द कानावर पडला आणि आत्याने कपाळावर हात मारून घेतला. अण्णा हात जोडून उभे होते. त्यांच्या सरळ झालेल्या मानेवर आता जगाची लाज येऊन बसली होती. मी रडत होते. तिसरं स्थळही गेलं, आणि गेलं तेही माझ्याच हातून.

"पोरी," तात्या म्हणाले, "माझं चुकलं तरी काय?"

खोटं काय सांगणार? "मला वाटलं, तुम्ही रक्त पिता."

"मी?"

"दिवसा जेवत नाही... लसूण सोसत नाही... दारात थांबलात... पुस्तकात तसंच लिहिलंय."

"कोणतं पुस्तक?"

अण्णांनी मला डोळ्यांनी दटावलं. पण आता लपवून काय उपयोग? "काळदरीचा रक्तपिपासू," मी म्हणाले.

मग तात्यांनी एका डोळ्यावरची घडी काढली. तो लालबुंद डोळा माझ्यावर रोखला. इतका भयानक डोळा काळदरीतसुद्धा नव्हता.

"तू कोणाकडची?" त्यांनी विचारलं. "दिवाणाकडची, का निळकंठाकडची?"

मला काही कळेना. तात्यांनी सांगितलं तेव्हा उलगडा झाला. तेच पुस्तक, तीच प्रत, आमच्या आधी वाटूरला जाऊन आली होती! तिथेही घराघरांत दोन तट पडले होते. तात्यांच्या घरी तर वाद इतका पेटला की शेवटचं प्रकरण आधी कोण वाचणार यावरून दोघांनी दोन बाजूंनी पुस्तक ओढलं आणि पानं सुटून चुलीत गेली. शेवट कुणीच वाचला नाही.

"बोल नं. कोणाकडची?"

दाराआडून आत्या हातवारे करत होती: निळकंठ सांग, निळकंठ! अण्णा हातवारे करत होते: काहीच सांगू नको! दोन-दोन नकार सोसलेली मी. समोरच्याचं मत काय ते माहीत नाही. गोड बोलून काहीतरी सावरावं की नाही? पण निळकंठरावांवर आळ घेणं माझ्या जिवावर आलं. जायचं ते स्थळ जाऊ दे!

"दिवाण," मी म्हणाले. "दिवाणच रक्त पितो."

"कशावरून?"

"त्याच्या खोलीत आरसा नाही. रक्तपिपासू आरशात दिसत नाही ना!"

"आरसा न्हाई म्हणून काय झालं!" हे अण्णा. ते एकदम उसळून बोलले. "दिवाण भर दुपारी कचेरीत बसतो! रक्तपिपासू दिवसा कचेरीत बसंल का?"

आम्ही सगळ्यांनी वळून अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी जीभ चावली. अशा रीतीने त्यांचं आतलं मत बाहेर आलं, आणि मान का धरली होती तेही! पांघरुणात कंदील घेऊन उताणं पडून वाचत होते म्हणे.

"कचेरीच्या खिडक्यांना पडदे होते, अण्णासाहेब!" तात्या गरजले. दुसऱ्या डोळ्यावरची घडीही गळून पडली. "जाड मखमलीचे पडदे!"

"काळे!" मी म्हणाले.

"काळे! बराबर! अन् शिपाई आत आला की दिवाण तोंडावर रुमाल धरायचा!"

"दात झाकायला!"

"दात झाकायला! न्हाई तर काय!"

मग आत्याही दाराआडून बोलायला लागली आणि कोण कुणाला काय म्हणतंय ते कळेनासं झालं. अण्णा आणि आत्या एका बाजूला, मी आणि तात्या दुसऱ्या. अंधार कधी पडला, कुणाला पत्ता नव्हता. शेवटी आई कंदील घेऊन आली. "ढग फाटले. चांदणी दिसली," ती म्हणाली. "पुरे करा ते. भुकेला जीव हाय, आधी पान वाढते."

तात्या पानावर बसले. आणि तिथे आमची खरी परीक्षा झाली, कारण जेवताना त्यांचं मौन असायचं! होकार की नकार, कुणी विचारायचं कसं? ते शांतपणे, एकेक घास चावून जेवत होते. मध्येच डोळ्यांना पाणी यायचं, ते पुसायचे आणि माझ्याकडे बघायचे. अण्णा खांबाला धरून उभे. आत्या जपमाळ ओढत होती. मी वाढत होते, आणि मी जवळ गेले की तात्या किंचित मागे सरकत होते. ते सरकणं बघून माझी उरलीसुरली आशाही संपली.

तात्यांनी चूळ भरली, हात पुसले, मोडकी छत्री काखेत घेतली.

"मुलगी पसंत," ते म्हणाले. "आमच्या घरात सगळे निळकंठवाले. माझ्या बाजूचं एक तरी माणूस पाहिजे मला. मार्गशीर्षात उरकून टाकू."

अण्णांनी डोळे पुसले, आणि त्यांचे डोळे चटणीने भरून आले नव्हते.

मार्गशीर्षात लग्न झालं. सगळं यथासांग पार पडलं. पंक्तीत घास भरवायची वेळ आली. मी जिलबीचा तुकडा उचलला, आणि नवऱ्या मुलाने तोंड उघडण्याआधी दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले. बायकांमध्ये खसखस पिकली. "नवरा किती लाजाळू गं बाई!"

लाजाळू कसला! तात्यांनी त्याला बजावून ठेवलं होतं: "घास तिच्या हातचा घे, पण डोळे झाकून घे."

ती सवय यांना जी लागली ती कायमची. अजूनही मी वाढायला वाकले की यांचे डोळे आपोआप मिटतात. शेजारणी मात्र कौतुकाने म्हणतात, "किती तल्लीन होऊन जेवतात हो तुमच्या हातचं!"